पडद्याआडच्या हक्कांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

रमजान आला की घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून अडीच टक्के गरजूंना द्यायचे, ईदच्या नमाजाआधी फित्रा पोहोचवायचा, हे बहुतेकांना ठाऊक असते. याच शिकवणीची दुसरी बाजू मात्र कमी बोलली जाते. यतीम, म्हणजे पोरक्या मुलाच्या मालमत्तेला हात लावायचा नाही. ती सांभाळायची आणि तो जाणता झाला की त्याच्या हवाली करायची. आई, पत्नी, मुलगी, बहीण यांचे वाटे ठरलेले आहेत, ते बिनतक्रार द्यायचे. कुरआनातील सूरह निसाची सुरुवातच या विषयांनी होते. दान देणे ही एक गोष्ट आणि ज्याचे त्याला देणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्या महाराष्ट्रात जन्मलेल्या एका ख्रिस्ती स्त्रीने आयुष्य वेचले. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी.

कॉर्नेलियांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला झाला. वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी घरातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना शाळा चालवणारी. पुण्यात तिने काढलेल्या शाळांत वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले शिकत. घरात सर्व धर्मांच्या बायकांची ये-जा असे, आणि त्या आपल्या अडचणी फ्रान्सिनाबाईंपाशी मोकळ्या करीत.

अशीच एकदा गुजरातकडची एक श्रीमंत विधवा आली. तिचा सगळा कारभार एका कारभाऱ्याच्या हाती होता. तिने विश्वासाने त्याच्या कागदांवर सह्या केल्या होत्या, आणि त्या सह्यांच्या जोरावर त्याने तिची इस्टेट स्वतःच्या नावावर करून घेतली होती. परक्या पुरुषासमोर जायचे नाही, अशी तिच्या घरची रीत. वकील सगळे पुरुष. मग दाद मागायची कोणाकडे? ती बाई रडत होती आणि लहानगी कॉर्नेलिया ऐकत होती. अशा बायकांना मदत करायची तर कायदा शिकावा लागेल, असे आईने सांगितले. मुलीने ते मनावर घेतले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या वर्गात त्या एकट्या मुलगी होत्या. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षेत त्या इतक्या वर आल्या, की इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती. पण ती स्त्रीला देता येत नाही, असे उत्तर आले. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवले. अखेर इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता, आणि १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या समरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. तिथे कायदा शिकणारी पहिली स्त्री त्याच. १८९२ मध्ये विद्यापीठाने खास ठराव केला, तेव्हा कुठे त्यांना पुरुषांच्या बरोबरीने परीक्षेला बसता आले. त्या उत्तीर्ण झाल्या, पण पदवी हाती पडली नाही. स्त्रियांना पदवी देण्याचा नियमच तेव्हा ऑक्सफर्डला नव्हता. ती मिळायला पुढे तीस वर्षे लागली.

भारतात परतल्यावरही दारे बंदच होती. त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. परीक्षा पास, पण सनद नाही. तरी त्या घरी बसल्या नाहीत. संस्थानांच्या न्यायालयांत खास परवानगीने त्या उभ्या राहू लागल्या. १८९६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात एका खटल्यात त्यांनी बचावाची बाजू मांडली. ब्रिटिश न्यायालयात एका स्त्रीने बाजू मांडण्याची ती पहिली वेळ मानली जाते. एका संस्थानातला प्रसंग मात्र त्यांना जन्मभर आठवत राहिला. तिथे एका हत्तीच्या चाऱ्याच्या हक्काचा वाद होता आणि न्यायनिवाडा खुद्द राजा करणार होता. राजाने निकाल कॉर्नेलियांच्या बाजूने दिला. का, तर त्यांच्याकडे पाहून राजाच्या कुत्र्याने शेपूट हलवली. अशा न्यायाने बायकांचे हक्क टिकणार नाहीत, त्यासाठी पक्की सरकारी व्यवस्थाच हवी, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

पडदानशीन स्त्रीची अडचण साधी नव्हती. तिच्या नावावर गावे असत, पण तिने ती कधी पाहिलेली नसत. पडद्याआडून हात बाहेर यायचा, कागदावर अंगठा उमटायचा. कागदात काय लिहिले आहे, हे सांगणारा तोच असायचा ज्याला त्या कागदाचा फायदा होणार होता. तिने समजून उमजून सही केली हे सिद्ध करण्याचा भार न्यायालये समोरच्यावर टाकीत, हे खरे. पण त्यासाठी आधी तिची तक्रार न्यायालयापर्यंत पोहोचायला हवी. वारस मूल लहान असले तर धोका आणखी मोठा. इस्टेटीसाठी अशा मुलांच्या जिवावर उठणारे नातेवाईकही असत.

दोन वर्षे सरकारच्या मागे लागून १९०४ मध्ये कॉर्नेलियांनी हे काम मिळवले. अज्ञान वारसांच्या आणि स्त्रियांच्या जमीनदाऱ्या सांभाळणारे कोर्ट ऑफ वॉर्ड्स नावाचे खाते होते. बंगालमध्ये त्या खात्याच्या त्या कायदेविषयक सल्लागार झाल्या. पुढे बिहार, ओरिसा आणि आसामही त्यांच्याकडे आले. रेल्वे, होडी, पालखी, मिळेल त्या साधनाने त्या आडगावच्या वाड्यांत पोहोचत. जनानखान्यात बसून राणीचे म्हणणे ऐकत, कागद तिच्या भाषेत समजावून सांगत, पोटगी किती हवी ते ठरवून घेत, मुलाच्या शिक्षणाची आणि सुरक्षिततेची सोय लावून देत. हिंदू राणी असो की मुसलमान बेगम, ज्या त्या घरचा सोवळ्याओवळ्याचा, पडद्याचा नेम त्या पाळत. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया आणि पोरक्या मुलांना त्यांनी मदत केली, अनेकदा एक पैसाही न घेता. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

सनद मात्र १९२१ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मिळाली. अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. १९२३ मध्ये स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा देशभर लागू झाला. पुढल्याच वर्षी मिठन टाटा मुंबई हायकोर्टात वकील झाल्या. वाट तोवर मोकळी झाली होती.

कॉर्नेलियांचे सगळेच विचार पटण्यासारखे नव्हते. त्या इंग्रजी राज्याच्या बाजूच्या होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांनी उघड विरोध केला आणि भारताची बदनामी करणाऱ्या कॅथरीन मेयोच्या पुस्तकाची पाठराखण केली. त्यामुळे स्वदेशात त्यांचे नाव मागे पडले. अखेरची वर्षे लंडनमध्ये गेली आणि ६ जुलै १९५४ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. राजकारणात त्या चुकल्या असतील, पण फसवल्या गेलेल्या बाईजवळ जाऊन बसणारी वकील हवी, हे त्यांनी ओळखले ते खरेच होते.

आज पडद्याची रीत पुष्कळ सैल झाली, पण कोऱ्या कागदावरची सही संपलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोपुढे तेराव्याच्या आत कागद येतो. सातबाऱ्यावर तिचे आणि लेकरांचे नाव चढण्याआधीच हक्कसोड मागितली जाते. भाऊ नाराज होतील म्हणून बहीण आपला वाटा सोडते, तलाक झालेली बाई मेहर मागायला लाजते. हे कोणत्या एका समाजाचे दुखणे नाही.

फरक इतकाच, की आज कॉर्नेलियांची वाट पाहावी लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वणीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, यवतमाळला जिल्हा प्राधिकरण आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. पत्ता माहीत नसल्याने अनेक जणी तिथवर जात नाहीत.

या महिन्यात आपल्या गल्लीतल्या एखाद्या विधवेच्या घरी शिध्याची पिशवी पोहोचेल, ते चांगलेच आहे. तिच्यापुढे आलेला कागद सहीआधी कोणी वाचून दाखवला आणि गरज पडल्यास तिच्याबरोबर न्यायालयाची पायरी चढली, तर तिच्या लेकरांना पुढच्या रमजानमध्ये पिशवीची वाट पाहावी लागणार नाही.