अमरावतीत शिकलेला ज्ञानकोशकार

पॉडकास्टचा नवा भाग तुमच्या मोबाईलवर आपोआप येऊन पडतो ना? त्यामागे आरएसएस फीड असतं. त्याची १.० आवृत्ती २००० साली आली, तेव्हा ती घडवणाऱ्यांतला आरन स्वार्ट्झ अवघा १४ वर्षांचा होता. पण राजेहो, माहिती गोळा करायची, तिच्या नोंदी पाडायच्या, त्या सापडतील अशा लावायच्या आणि वर्गणीदारांपर्यंत हप्त्याहप्त्यानं पोचवायच्या, हा उद्योग मराठीत शंभर वर्षांपूर्वीच झालाय. तोही कॉम्प्युटरशिवाय. आणि करणारा शिकला होता आपल्या अमरावतीत.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म रायपूरचा, २ फेब्रुवारी १८८४. शाळा अमरावतीत, कॉलेज मुंबईचं विल्सन. १९०६ मध्ये गडी अमेरिकेला गेला आणि कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाला. भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये आलं, १९११ मध्ये पीएच.डी. मिळाली. १९१६ साली डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात जातींवर निबंध वाचला, त्यात जातीच्या ज्या व्याख्या तपासल्या त्यांत केतकरांचीही होती. म्हणजे नोकरी करून सुखात राहावं एवढं नाव त्यांच्याकडे होतं. परत आल्यावर काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवलंही.

पण डोक्यात किडा वेगळाच. इंग्रजीत ब्रिटानिका आहे, मग मराठी माणसानं जगाची माहिती कुठे शोधायची? नुसतं भाषांतर करून भागणार नव्हतं. लंडनहून बघितलेलं जग वेगळं आणि इथून बघितलेलं वेगळं. काय मोठं, काय बारीक, कशाची नोंद घ्यायची, हे इथल्या वाचकाकडे बघून ठरवायला हवं होतं.

पैसा कुठून आणायचा? केतकरांनी १९१६ मध्ये नागपुरात चक्क कंपनी काढली. शेअर विकले, वर्गणीदार जमवले, त्यासाठी गावोगाव फिरले. आजच्या भाषेत स्टार्टअपच की! फरक एवढाच, की कुठल्या गुंतवणूकदाराला ज्ञानकोशातून मोठा नफा दिसणार होता? पुढे काम पुण्याला हललं. १९२० पासून एकेक खंड येऊ लागला आणि दशक संपेपर्यंत २३ खंड झाले. पहिले पाच नुसत्या प्रस्तावनेचे. मग अकारविल्हे नोंदी. आणि मला सगळ्यात भारी वाटतो तो सूचीचा खंड. शोधायची सोय नसेल तर गोळा केलेली माहिती कितीही मोठी असो, ती अडगळच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काम एकट्याचं नव्हतं. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे याच कामात तयार झाले, आणि पुढे त्यांनी महाराष्ट्र शब्दकोश केला. केतकरांच्या पत्नी शीलवती मूळच्या जर्मन ज्यू, पूर्वीच्या एडिथ कोह्न. त्यांनी विंटरनित्झचा भारतीय साहित्याचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला. घरच असं!

ज्ञानकोश चालू असतानाच केतकर कादंबऱ्या लिहीत होते. ‘ब्राह्मणकन्या’ १९३० ची. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. गुजराती ज्ञानकोशही हाती घेतला. मान भरपूर मिळाला, पैसा मात्र हाती राहिला नाही. शेवटची वर्षं ओढाताणीत गेली. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वय होतं ५३.

त्यांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं ऑनलाइन आणलाय. ‘अ’च्या नोंदी उघडा, अकोला आणि अमरावती दोन्ही तिथंच सापडतील. त्या काळचे आकडे आजच्या जनगणनेशेजारी मांडून बघा. कोडिंग येत असेल तर रोज एक नोंद मोबाईलवर येईल असं फीड बनवायला एक रविवार पुरेल.