इटलीत धारातीर्थी पडलेले कोकणचे नाईक यशवंत घाडगे

तारकर्ली (ता. मालवण) : ४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीत नौदल दिन झाला, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष आपल्या किनाऱ्याकडे होतं. त्याच वर्षी जुलैत इटलीतल्या मोन्तोने गावात कोकणातल्या एका जवानाच्या नावाने स्मारक उभं राहिलं. त्याची मात्र आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. तो जवान म्हणजे नाईक यशवंत घाडगे.

घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव. आपल्या कुडाळातलं माणगाव नव्हे, रायगडातलं. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते आणि एका छोट्या तुकडीचे प्रमुख होते.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला. घाडगे सोडून सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. सोबतीला कोणी नाही हे माहीत असूनही ते एकटे मशिनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच संपवलं. मोर्चा हाती आला, पण दबा धरून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला. वय अवघं २२.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत एकूण २० जणांना हा सन्मान मिळाला, त्यातले ६ भारतीय होते. त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय जवानांनी जीव गमावला.

घाडगे यांची कबर नाही की समाधी नाही. इटलीतल्या कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव कोरलेलं आहे. मोन्तोनेचं स्मारक सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. एवढ्या लांब जाऊन फूल कोण वाहणार? पण माणगावच्या तहसील कार्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे. गणपतीला गावी येताना माणगावच्या ट्रॅफिकात गाडी रखडणं आपल्या चाकरमान्यांना काही नवं नाही. पुढच्या खेपेला रखडलात, तर तेवढ्या वेळात खाली उतरून त्या पुतळ्यासमोर हात जोडून या.