अंगणात गेलेली शाळा

मूल शाळेत येत नसेल, तर दोष मुलाचा मानावयाचा की शाळेचा? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. ताराबाई मोडक यांनी ते मानले नाही, आणि त्यातच त्यांच्या कार्याचे मोठेपण आहे.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पदवीधर होऊन राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. मानाचे ते पद सोडून त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणकार्यास वाहून घेतले. मूल वस्तू हाताळते, मोडते, पुन्हा रचते, ती त्याची ज्ञानसाधनाच होय, ही मॉन्टेसरीप्रणीत दृष्टी तेथे दृढ झाली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभा राहिला.

परंतु मॉन्टेसरीची साधने महाग, आणि ती परवडणारी मुले शहरातील. म्हणून पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, ताराबाईंनी बोर्डीस कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. अंगणवाडी जन्मली ती अशी. पुढे कोसबाडला आदिवासी मुले गुरे राखावयास जात, तेव्हा कुरणशाळा निघाली. शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने ठरली. ती निवडता-जुळवताना मूल मोजू लागे, तुलना करू लागे.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. पण नावाबरोबर दृष्टी किती गेली? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळ व शोध यांवर आधारलेले शिक्षण स्वीकारले. तरीही तीन वर्षांच्या हाती पेन्सिल देऊन त्याच्याकडून अक्षरे गिरवून घेण्याची घाई ओसरलेली नाही. ही घाई केवळ शाळांची नव्हे. भरलेली वही पाहिल्यावाचून आपणा पालकांचे समाधान होत नाही, आणि एकटी शिक्षिका त्या आग्रहापुढे टिकत नाही. बियांशी खेळणारे मूल वेळ दवडत नसून शिकत आहे, एवढे आपण मान्य केले, तरच ताराबाईंचे कार्य त्यांच्या पश्चात जिवंत राहील.