गाठ पडली ती अशी

आमचे घर अहिल्यानगरच्या सावेडीत. तोंडात मात्र अजून नगरच येते. दोन वर्षांपूर्वी आईचे डोके दुखू लागले. खाली वाकले की कळ वाढे. चष्मा बदलला, पित्ताच्या गोळ्या झाल्या, दृष्टही काढून झाली. अखेर एमआरआय केला, तेव्हा मेंदूच्या अगदी मधोमध, तिसऱ्या पोकळीच्या छताला चिकटलेली ‘कोलॉइड सिस्ट’ दिसली. मेंदूतल्या शंभर गाठींत अशी जेमतेम एखादी. ती कर्करोगाची नसते. पण मेंदूतले पाणी ज्या वाटेने वाहते, त्या वाटेवरच बसते. वाट तुंबली की जिवावर बेतते.

रात्री झोप येईना. वाचत बसलो आणि हार्वे कुशिंग यांची गाठ पडली.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरी १८६९ साली डॉक्टरांच्या घरात जन्मलेले हे दहावे अपत्य. विद्यार्थिदशेत त्यांनी भूल दिलेला एक रुग्ण दगावला. ती टोचणी त्यांनी वाया जाऊ दिली नाही. एका मित्राच्या साथीने शस्त्रक्रिया चालू असताना नाडी व श्वास कागदावर नोंदण्याची पद्धत त्यांनी पाडली. १९०१ मध्ये इटलीत पाहिलेले रक्तदाब मोजण्याचे साधन ते अमेरिकेत घेऊन आले.

त्या काळी मेंदूची गाठ म्हणजे बहुधा मरणच. कुशिंग यांनी रक्त थांबवायला चांदीच्या बारीक चिमट्या वापरल्या, तासन्‌तास सावकाश हात चालवला आणि दोन हजारांवर गाठींच्या शस्त्रक्रिया केल्या. १९२६ मध्ये मुलगा मोटार अपघातात गेला. बातमी कळूनही त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया त्यांनी पार पाडली.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी ते हृदयविकाराने गेले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत, तिसऱ्या पोकळीत, सुमारे सेंटिमीटरभर कोलॉइड सिस्ट सापडली! जन्मभर दुसऱ्यांच्या गाठी शोधणाऱ्याच्या मस्तकात ती मुकाट बसली होती.

आईची गाठ पुण्यात दुर्बिणीतून काढली. संमतीपत्रावर सही करताना माझा हात थरथरत होता. आत नेताना आईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा होता, उशाशी नोंदींचा कागद. ते दोन्ही पाहून मला जरा धीर आला. आत ओळखीचे कोणीतरी आहे, असे वाटले.

आता आई अंगणात वाकून रांगोळी काढते. मी दारातून पाहत राहतो.