पंडिता क्षमाबाई राव

विद्या आणि क्रीडा यांचे वैर आहे, असा समज आपल्या समाजात फार जुना आहे. जो मैदानावर रमला तो पुस्तकास मुकला, आणि जो पुस्तकात बुडाला त्याने मैदानाचे नाव घेऊ नये, असे वडीलधारी मंडळी सांगत आली. मुलींच्या बाबतीत तर हा निवाडा अधिकच कठोर. त्यांस पुस्तक मिळाले ते मोठ्या प्रयासाने; मैदान मिळावयाचे अद्याप पुष्कळ ठिकाणी राहिलेच आहे. म्हणून ज्या एका महाराष्ट्रीय विदुषीने एका हाती लेखणी व दुसऱ्या हाती टेनिसची रॅकेट धरली, आणि दोहोंचाही मान राखला, तिचे चरित्र आमच्या वाचक भगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

क्षमाबाईंचा जन्म 4 जुलै 1890 रोजी पुण्यास झाला. त्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे त्या काळचे गाढे संस्कृतज्ञ. सायणभाष्यासह अथर्ववेदाचे संपादन हे त्यांचे मोठे कार्य होय. मुंबई सरकारच्या आश्रयाने निघालेली तुकाराम महाराजांच्या अभंगांची गाथा त्यांनी विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांच्यासह सिद्ध केली. तिचा पहिला भाग 1869 साली प्रसिद्ध झाला. काही काळ ते पोरबंदर संस्थानचे प्रशासकही होते. परंतु 1894 साली त्यांचे देहावसान झाले. अथर्ववेदाचे खंड छापून बाहेर पडलेले पाहण्याचे त्यांच्या दैवी नव्हते. त्या वेळी क्षमाबाईंना चौथे वर्ष पुरे व्हावयाचे होते. ज्या पित्याजवळ बसून वेदविद्या ऐकावयाची, त्याचा चेहराही स्मरणात नीट राहू नये, असे त्यांचे वय होते. पुढील बालपण नातलगांच्या घरी गेले. घरात ग्रंथ होते, पित्याची कीर्ती होती. पित्याचा हात मात्र नव्हता.

शाळेत त्यांनी संस्कृतात प्रावीण्य दाखविले आणि पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांचा प्रवेश झाला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी सुरू केलेल्या शिक्षणकार्यातून वाढलेले हे विद्यालय. तथापि हा अभ्यास पदवीपर्यंत पोचला नाही. त्यांचा विवाह मुंबईतील डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी झाला आणि कॉलेज सुटले. डॉक्टर राव हे निष्णात वैद्य असून जंतुशास्त्राचे संशोधक म्हणूनही त्यांचे नाव होते. त्या काळी शेकडो सुशिक्षित मुलींच्या विद्येचा प्रवास येथेच संपत असे. वडिलांच्या मृत्यूने पहिला मार्ग बंद झाला होता. विवाहाने दुसराही बंद होणार, असे कोणासही वाटले असते. परंतु क्षमाबाईंच्या बाबतीत तसे घडले नाही. त्यांनी घरी राहून शास्त्र्यांजवळ संस्कृताचा अभ्यास चालू ठेविला, युरोपातील भाषांशी परिचय करून घेतला, पतीसमवेत परदेशचा प्रवास केला. आणि याच काळात त्या टेनिस खेळू लागल्या.

हा खेळ आपल्या देशात इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आला. त्यांच्या जिमखान्यांच्या हिरवळीवर तो प्रथम रुजला, आणि हळूहळू तद्देशीय घराण्यांतही शिरला. हिंदी स्त्रियांपैकी जिमखान्यावर पाऊल टाकणाऱ्या फारच थोड्या. ज्या जात, त्यांस घरच्यांची अनुमती, बाहेरच्यांची कुजबुज आणि नऊवारी किंवा पाचवारी लुगड्याचा घोळ ही सर्व ओझी घेऊनच धावावे लागे. अशा दिवसांत क्षमाबाईंनी या खेळात केवळ हौस भागविली नाही, तर स्पर्धांतून उतरून विजय मिळविला आणि मुंबईतील उत्तम स्त्रीखेळाडूंत आपली गणना करून घेतली.

येथे आमच्या ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. टेनिसचे मैदान 78 फूट लांब असते. एकेरी सामन्यात त्याची रुंदी 27 फूट व दुहेरीत 36 फूट धरतात. मध्यभागी तीन फूट उंचीचे जाळे. दुहेरी खेळात एका बाजूस दोघे असतात. एक जाळ्यापाशी उभा राहतो, दुसरा मागची बाजू सांभाळतो. पुढच्याच्या हातून चेंडू निसटला तर मागच्याने धावावयाचे, आणि मागचा एका कडेस ओढला गेला तर पुढच्याने मोकळी जागा भरावयाची. आपल्या सोबत्याचे पाऊल कोणत्या दिशेस पडणार हे न बोलता ओळखता आले पाहिजे. शिवाय साध्या सामन्यात पंच नसतो. आपल्या बाजूस पडलेला चेंडू रेघेच्या आत की बाहेर, हे खेळणाऱ्यानेच प्रामाणिकपणे सांगावयाचे. म्हणजे जोडीदारावर विश्वास आणि प्रतिपक्षाशी सचोटी, हे दोन्ही धडे एकाच अंगणात मिळतात. घराच्या उंबरठ्याआड ज्या स्त्रीच्या सर्व ओळखी सासर व माहेर यांतच संपत, तिला नात्याबाहेरची मैत्रीण मिळण्याचे हे एक नवे स्थान झाले. तेथे ती कोणाची सून नव्हती, कोणाची जाऊ नव्हती. आपल्या जागेवर उभी असलेली खेळाडू होती. क्षमाबाईंच्या पिढीने मुलींस दिलेले हे दान आम्हांस लहान वाटत नाही.

खेळामुळे त्यांच्या विद्येस बाध आला काय? त्यांच्या ग्रंथांची यादीच याचे उत्तर देते. प्रथम काही काळ इंग्रजीत लिहून पाहिल्यावर त्या संस्कृताकडे वळल्या. 1930 सालच्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीने त्यांचे चित्त हेलावले आणि गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी सत्याग्रहगीता रचिली. भगवद्गीतेप्रमाणे तिचे अध्याय अठरा, आणि वृत्त साधे अनुष्टुभ्. असे पुस्तक परकी सत्तेखालील या देशात निघणे कठीण होते. ते 1932 साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. हजारो वर्षांची देववाणी मिठाच्या सत्याग्रहाची कथा सांगू लागली, हे त्या काळच्या पंडितांस नवलच होते. पुढे कथापंचकात त्यांनी आपल्या समाजातील स्त्रियांची दुःखे संस्कृत पद्यांत मांडिली. 1939 साली शंकरजीवनाख्यान हे आपल्या पित्याचे चरित्र त्यांनी लिहिले. ज्याचा सहवास लाभला नाही, त्या पित्यास त्यांनी असे शब्दांतून परत मिळविले.

त्यांची कन्या लीला हिचा जन्म 1911 सालचा. मातेचे दोन्ही वारसे तिने उचलले. 1931 साली तिने अखिल भारतीय टेनिस स्पर्धेत स्त्रियांचे एकेरी विजेतेपद मिळविले आणि पुढेही ते अनेकदा जिंकले. 1934 साली ती इंग्लंडातील विंबल्डन येथे खेळली. तेथे पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल या इंग्रज खेळाडूवर तिने मात केली. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली हिंदी स्त्री होय. दुसऱ्या फेरीत तिला हार पत्करावी लागली. परंतु वाट पडली ती पडलीच. हीच लीला पुढे भरतनाट्याची अभ्यासक झाली, आणि मातेच्या संस्कृत कथांवरून तिने संस्कृतातच नाटके रचिली. आई व मुलगी यांचे नाते आपल्याकडे बहुधा आज्ञा आणि आज्ञापालन यांतच सामावते. या दोघींनी त्यास सख्याचे रूप दिले. मैदानही एकच, आणि ग्रंथही एकच. एकीने सोडलेला चेंडू दुसरीने उचलावा, तसे एकीचे कार्य दुसरीने पुढे नेले.

उतारवयात क्षमाबाई संतचरित्रांकडे वळल्या. तुकाराम, रामदास व ज्ञानेश्वर यांची चरित्रे त्यांनी संस्कृतात गाइली. पित्याने ज्या तुकोबांची गाथा शोधून शुद्ध केली, त्याच तुकोबांचे चरित्र कन्येने देववाणीत आणिले. आम्हां पिंपळवंडीकरांस तर ही चरित्रे घरचीच वाटतात. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आपल्याच तालुक्यात ओतूर येथे असल्याची परंपरा आहे. आणि ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदविले त्या रेड्याची समाधी शेजारच्या आळे गावी भाविक आजही पूजितात. कुकडीच्या खोऱ्यातील या कथा मुंबईच्या एका टेनिसपटू विदुषीने संस्कृतज्ञांच्या सभेत नेल्या, हे ऋण आपण विसरता कामा नये. 22 एप्रिल 1954 रोजी त्यांचे निधन झाले. ज्ञानेश्वरांचे चरित्र त्यांच्या पश्चात छापून निघाले. पित्याचा मोठा ग्रंथ जसा त्याच्यामागे प्रकाशात आला, तसेच कन्येच्या बाबतीतही घडले.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? क्षमाबाईंस अनुकूलता होती हे खरे. घरी संपत्ती होती, पती उदार होता, मुंबईसारखे शहर होते. आमच्या खेड्यातील मुलीस यांपैकी पुष्कळ गोष्टी मिळणार नाहीत. कांदा काढणीच्या दिवसांत तिला शेतावर जावे लागते, धाकटी भावंडे सांभाळावी लागतात. लहानपणी ती लंगडी व खोखो खेळते. परंतु ती मोठी झाली की एके दिवशी कोणी काही न बोलताही तिचे मैदान सुटते, आणि मैदानाबरोबर मैत्रिणीही सुटतात. तिच्या भावाचे मात्र काहीच सुटत नाही. हा भेद दैवाने केलेला नाही. तो आपण केला आहे, आणि आपणच तो दूर करू शकतो.

त्यासाठी हिरवळ नको, जिमखाना नको. दोन बांबू आणि एक दोरी बांधली तरी जाळे होते. हवा तो फक्त दिवसातील एक तास, आणि तो तास वाया गेला असे न म्हणणारे आईबाप. ज्या मुलीने जोडीदारासाठी धावण्याची सवय केली, हरल्यावर प्रतिपक्षाचा हात हाती घेतला, आणि घरी येऊन दिव्यापाशी पुस्तक उघडले, तिच्या मनाचा तोल सहसा ढळत नाही. क्षमाबाईंचा तोल पितृवियोगाने ढळला नाही, अर्धवट राहिलेल्या शिक्षणाने ढळला नाही. आमच्या भगिनींनी त्यांची लेखणी घ्यावी आणि रॅकेटही घ्यावी. आणि बंधूंनी व पालकांनी त्यांस मैदानाची वाट मोकळी करून द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.