हेन्री मोस्ले

धायरीच्या वाटेवर उडणाऱ्या धुळीचा एक कण घ्या. तो डोळ्यांस जेमतेम दिसतो. परंतु त्यांत कोणकोणतीं मूलद्रव्यें आहेत, हें आज क्ष-किरणांच्या साहाय्यानें सांगतां येतें. ह्या विद्येचा पाया घालणाऱ्या हेन्री मोस्ले ह्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें असें आहे.

मोस्लेचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजीं इंग्लंडांतील वेमथ येथें झाला. तो चार वर्षांचा होण्यापूर्वींच त्याचे प्राणिशास्त्रज्ञ वडील निवर्तले. ऑक्सफर्ड येथील पदवी-परीक्षेंत त्याला पहिला वर्ग मिळाला नाहीं. पण तेवढ्यानें तो खचला नाहीं. १९१० सालीं तो मँचेस्टर येथें रदरफोर्ड ह्यांच्या प्रयोगशाळेंत दाखल झाला आणि रात्र रात्र जागून काम करूं लागला.

१९१३ सालीं त्यानें निरनिराळ्या मूलद्रव्यांवर विद्युत्कणांचा मारा करून त्यांतून निघणारे क्ष-किरण स्फटिकाच्या योगानें मोजले. प्रत्येक मूलद्रव्याचे किरण निराळे, आणि त्यांच्या कंपनसंख्येचें वर्गमूळ पायरीपायरीनें सारखें वाढत जाणारें! मूलद्रव्याचें स्थान अणुभारावरून नव्हे, तर अणुक्रमांकावरून ठरतें, हें त्यावरून सिद्ध झालें. निकेलहून जड असलेल्या कोबाल्टास २७ वें व निकेलास २८ वें स्थान कां, ह्याचा उलगडा झाला. ४३, ६१ व ७५ ह्या जागा रिकाम्या असल्याचेंही त्यानें दाखविलें. पुढें तीं मूलद्रव्यें खरोखरच सांपडलीं. पितळेंतील तांबें व जस्त त्यांच्या रेषांवरून वेगवेगळीं ओळखतां आलीं. पॅरिसचे रसायनज्ञ उर्बें ह्यांनीं अनेक वर्षें खपून वेगळीं केलेलीं दुर्मिळ द्रव्यें त्यानें १९१४ सालीं थोड्याच दिवसांत पारखलीं.

इतक्यांत महायुद्ध पेटलें. मोस्ले स्वेच्छेनें सैन्यांत गेला. १० ऑगस्ट १९१५ रोजीं गॅलिपोलीच्या रणांगणावर, दूरध्वनीवरून संदेश देत असतां, गोळी लागून तो मरण पावला. वय अवघें २७! आपली संपत्ति व उपकरणें त्यानें मृत्युपत्रानें संशोधनासाठीं रॉयल सोसायटीस दिलीं होतीं.

त्याचें कार्य मात्र थांबलें नाहीं. १९५१ सालीं पॅरिस येथें कास्तें ह्यांनीं विद्युत्कणांचा बारीक झोत पदार्थाच्या एका सूक्ष्म ठिपक्यावर रोखून पृथक्करण करण्याची रीत पूर्णत्वास नेली. पण ती गुळगुळीत पृष्ठभागासाठीं होती. वेड्यावांकड्या कणांतून कांहीं किरण जवळच्या वाटेनें, तर कांहीं लांबच्या वाटेनें बाहेर पडतात. वाटेंत कमीअधिक शोषले जातात, आणि हिशेब चुकतो. म्हणून शास्त्रज्ञांनीं प्रत्येक रेषेची तुलना तिच्याच लगतच्या पार्श्वभूमीच्या किरणांशीं करण्याची युक्ति काढली. कारण दोहोंचें शोषण जवळजवळ सारखेंच होतें.

मित्रहो, मोस्लेला संशोधनासाठीं उणींपुरीं चार वर्षें मिळालीं. आपल्या हातीं असलेल्या वर्षांचा आपण कसा उपयोग करीत आहों, ह्याचा विचार प्रत्येकानें करावा.