सरखेल कान्होजी आंग्रे

मराठ्यांचा इतिहास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचे कडे आणि दौडत जाणारी घोडदळे उभी राहतात. त्या इतिहासाला एक समुद्रही होता, याचे स्मरण आम्हांस क्वचितच होते. ज्या पुरुषाने तो समुद्र तीस वर्षे राखला, त्याला इंग्रजांनी आपल्या दप्तरांत चाचा ठरविले आणि पुढील पिढ्यांनी तोच शब्द पाठ्यपुस्तकांतून वाचला. वस्तुतः कान्होजी आंग्रे हे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमाराचे मुख्य अधिकारी होते. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे, हे त्यांच्या चरित्रावरून ध्यानी येते.

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळील अंगारवाडीवरून त्यांना आंग्रे हे नाव पडले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या आरमारात होते. १६६९ च्या सुमारास जन्मलेल्या कान्होजींचे बालपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. वाऱ्याचा रोख आणि भरती-ओहोटीचे गणित यांचे शिक्षण त्यांना दर्यावर्दी माणसांच्या सहवासातच मिळाले.

१६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराज दूर दक्षिणेत, आजच्या तामिळनाडूतील जिंजीच्या किल्ल्यात गेले. राजा शेकडो मैल दूर, खजिना रिकामा आणि किनाऱ्यावर जंजिऱ्याचा सिद्दी, मुंबईचे इंग्रज, गोवा व वसईचे पोर्तुगीज टपून बसलेले! अशा काळात कोकणातील किल्ले लढते ठेवणाऱ्यांत कान्होजी अग्रभागी होते. १६९८ मध्ये सिधोजी गुजर निवर्तले आणि सरखेलीची वस्त्रे कान्होजींकडे आली.

त्यांच्या गुराबा व गलबते युरोपीय जहाजांच्या मानाने लहान होती. परंतु उथळ खाडीत ती सहज शिरत. वारा पडला की वल्ह्यांची गलबते तोफांच्या गुराबांना ओढून नेत आणि जागच्या जागी खिळलेल्या मोठ्या जहाजाला त्याच्या बाजूच्या तोफा टाळून पिछाडीकडून गाठीत. शत्रू प्रबळ दिसला तर कुलाबा, सुवर्णदुर्ग किंवा विजयदुर्ग यांच्या तोफांचा आश्रय जवळच असे.

इंग्रजांशी खरा तंटा होता तो दस्तकाचा. या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने येथील सत्तेचे दस्तक घ्यावे आणि त्याचे मोल द्यावे, असा कान्होजींचा दंडक होता. पोर्तुगीज तर दीर्घकाळ असेच परवाने विकीत आले होते. इंग्रज मात्र कंपनीच्या जहाजांबरोबरच तिच्या निशाणाखाली चालणाऱ्या इतरांच्या मालासही सूट मागू लागले. ती कान्होजींनी नाकारली. परकीयाने परवाना दिला तर तो कायदा आणि भूमिपुत्राने मागितला तर ती चाचेगिरी, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. ज्या व्यापाऱ्याचे जहाज पकडले गेले त्याला आंग्र्यांचे नाव धास्तीचेच वाटले असणार, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु करवसुली आणि लूट यांतील अंतर त्या काळी प्रत्येक सत्ता आपल्या सोयीने मोजीत होती.

कान्होजींच्या आयुष्यातील कठीण प्रसंग मात्र घरचाच होता. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीचा वाद पेटला. कान्होजी महाराणी ताराबाईंच्या पक्षात राहिले. त्यांच्यावर चालून आलेले शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस त्यांनी कैद केले. तेव्हा बाळाजी विश्वनाथ बोलणी करण्यास पुढे आले. ते मूळचे श्रीवर्धनचे. कोकणचे राजकारण त्यांना परके नव्हते. तलवार न उपसता समेट घडला. कान्होजींनी पिंगळ्यांना मुक्त करून शाहू महाराजांचे स्वामित्व मानले. सरखेलीचे पद, दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. विजयी स्थितीत असताना नमते घेण्याचा हा विवेक आम्हांस त्यांच्या कोणत्याही लढाईहून मोठा वाटतो.

त्या समेटाचे फळ लवकरच दिसले. मुंबईचे गव्हर्नर चार्ल्स बून यांनी कान्होजींना नमविण्याचा चंग बांधला. १७१७ व १७२० मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर स्वाऱ्या झाल्या आणि साऱ्या फसल्या. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. कमोडोर मॅथ्यूज यांची ब्रिटिश राजाची लढाऊ जहाजेही सोबत होती. त्या वेळी शाहू महाराजांची फौज घेऊन बाजीराव पेशवे धावून आले. हल्ला फसला आणि १७२२ च्या आरंभी पोर्तुगीजांनी स्वतंत्र तह करून अंग काढून घेतले. घोडदळ आणि आरमार एकमेकांच्या पाठीशी उभे राहिल्यावर काय घडते, ते कुलाब्याने दाखविले.

१७२९ साली कान्होजी निवर्तले. अलिबागेस त्यांची समाधी आहे. त्यांच्यामागे चार वर्षांतच थोरले पुत्र सेखोजी गेले आणि भाऊबंदकी माजली. कुलाबा मानाजींकडे, दक्षिणेकडील किनारा संभाजींकडे व पुढे तुळाजींकडे गेला. तुळाजी व पेशवे यांचे वितुष्ट इतके विकोपास गेले की १७५६ मध्ये पेशव्यांच्याच साहाय्याने इंग्रज विजयदुर्गावर आले आणि तेथे आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. जे बून यांना आणि मॅथ्यूज यांना साधले नाही, ते आमच्या दुहीने साधले. त्यानंतर पश्चिम समुद्रात इंग्रजांना आव्हान देणारे तसे मराठी आरमार पुन्हा उभे राहिले नाही.

स्वतंत्र भारताने मात्र या पुरुषाला त्याचे पद परत दिले. मुंबईतील नौदलाच्या तळास १९५१ मध्ये आंग्रे हे नाव देण्यात आले. खांदेरीचे दीपगृहही कान्होजींच्याच नावाचे आहे. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत आणि त्यांच्याच पंक्तीस महाराष्ट्राबाहेरची जिंजीही आहे. राजा जिंजीस असताना कोकणचा किनारा राखणाऱ्यांनी अंतराला निष्ठेच्या आड येऊ दिले नाही. मायभूमीपासून दूर राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांनी आपल्या मुलांना हे चरित्र सांगताना कुलाब्याचा विजय सांगावाच, परंतु विजयदुर्गाची ती आगही सांगावी.